पावसात उंच, उन्हात खोलगट

कन्हान नदी सातपुड्यात, छिंदवाडा जिल्ह्यात उगम पावते. पेंच आणि कोलार तिला कामठीच्या अलीकडे येऊन मिळतात आणि मग ती वैनगंगेकडे निघते. तिच्या एका तीरावर कामठी, दुसऱ्यावर तिच्याच नावाचं कन्हान गाव. नागपुरातल्या बांधकामांना वर्षानुवर्षं या नदीची रेती लागली. पण कन्हानच्या आसपास कुणी परसात चार वांगी आणि दोन मिरच्या लावायला कुदळ उचलली, की अनेक ठिकाणी रेतीऐवजी काळी माती लागते. मे महिन्यात ती कुदळ उसळवून परत पाठवते आणि जुलैत चप्पल काढून घेते.

परसबागेत जमिनीपेक्षा उंच वाफा करायची टूम सध्या जोरात आहे. लाकडी चौकटी, तयार प्लास्टिकच्या पेट्या, पत्र्याचे हौद असं बरंच काही विकत मिळतं. त्यातलं बहुतेक थंड प्रदेशांतल्या बागांसाठी आखलेलं असतं. कन्हानच्या मातीला उंच वाफा खरोखरच हवा असतो, पण त्याची कारणं निराळी आहेत आणि म्हणून त्याची रचनाही निराळी असायला हवी.

काळ्या मातीत चिकणमातीचे कण निम्मे किंवा त्याहून जास्त असतात. हे कण दोन मायक्रोमीटरहूनही लहान, म्हणजे नुसत्या डोळ्यांना न दिसणारे. त्यातलं मुख्य खनिज मॉन्टमोरिलोनाइट. त्याची रचना पातळ थरांची असते आणि पाणी या थरांच्या मध्ये शिरतं. पाणी शिरलं की माती फुगते, वाळली की आक्रसते आणि तिला भेगा पडतात. पहिला पाऊस या भेगांमधून सरसर खाली जातो, त्यामुळे जूनच्या सुरुवातीला सगळं छान वाटतं. पुढच्या चार-दोन पावसांत माती फुगून भेगा मिटतात आणि पाण्याची वाट बंद होते. मग वरचं पाणी वरच थांबतं. मुळांना श्वासासाठी लागणारी हवा मातीच्या पोकळ्यांत असते आणि त्या पोकळ्या आता पाण्यानं भरलेल्या असतात. मिरची आणि टोमॅटो यांना असं एक-दोन दिवसांचं तुंबणंही सोसत नाही. पानं आधी मलूल होतात, मग पिवळी पडतात आणि घरातले लोक पाणी कमी पडलं असं समजून आणखी एक बादली ओततात.

रोपांची गोष्ट तर आणखी नाजूक. ओल्या, हवा नसलेल्या मातीत पिथियम आणि फायटोप्थोरासारख्या बुरशीसदृश जिवांचं फावतं. रोप जमिनीलगत नरम होऊन आडवं पडतं. शेतकरी याला रोप कोलमडणं म्हणतात आणि त्यावरचा उपाय त्यांना फार पूर्वीपासून माहीत आहे. मिरची, वांगी, टोमॅटो, कांदा यांचं बी सपाट जमिनीत टाकत नाहीत, गादीवाफ्यावर टाकतात. तीन मीटर लांब, एक मीटर रुंद आणि साधारण पंधरा सेंटिमीटर उंच अशी गादी, भोवती पाणी जायला चर. भिवापूरच्या मिरचीला भौगोलिक मानांकन मिळालं आहे. तसल्या मिरचीच्या पिकाचा जन्मही अशाच गादीवर होतो. परसातला उंच वाफा म्हणजे रोपं उपटून दुसरीकडे न नेता तिथंच वाढू दिलेला, थोडा जाड गादीवाफा, इतकं समजलं तरी अर्धं काम झालं.

कन्हानहून रेल्वेचा एक फाटा रामटेकला जातो. त्या टोकाला रामटेकचे पानमळे आहेत. तिथले बारई पिढ्यान्‌पिढ्या कपुरी पानाची वेल जोपासत आले आहेत, जरी आज या मळ्यांचा विस्तार पूर्वीइतका राहिला नसला तरी. पानवेलीला ओल सतत हवी आणि पाणी साचलेलं मात्र क्षणभर नको, असा तिचा हट्ट. म्हणून पानमळ्यात वेल उंचवट्यावर असते, शेजारून चर जातात आणि वर सावली असते. महाराष्ट्रातल्या पानमळ्यांत ही सावली शेवरी, हदगा, शेवगा अशा आधाराच्या झाडांचीही असते. उंची, चर, सावली हे तिन्ही एकत्र आले तरच मळा टिकतो. परसबागेवरच्या नव्या पुस्तकांत पहिल्या दोन गोष्टी सापडतात, तिसरी सहसा नसते, कारण ती पुस्तकं लिहिणाऱ्यांना सावलीची गरजच नसते.

शेतीशास्त्रानंही हाच रस्ता धरला. हैदराबादजवळच्या पाटणचेरू इथली इक्रिसॅट ही संस्था १९७२ मध्ये स्थापन झाली आणि त्याच दशकात तिथं काळ्या जमिनींसाठी रुंद वरंबा सरीची पद्धत विकसित झाली. सुमारे मीटरभर रुंदीचा वरंबा, त्याच्या दोन्ही अंगांना सरी. जास्त पाऊस झाला तर पाणी सरीतून निघून जातं, कमी झाला तर सरीत मुरतं. विदर्भातल्या सोयाबीनच्या शेतांत आज हीच पद्धत बीबीएफ या इंग्रजी आद्याक्षरांनी ओळखली जाते आणि ट्रॅक्टरला जोडायचं पेरणी यंत्रही त्याच नावानं मिळतं. संत्र्याच्या नव्या बागा गादीवाफ्यावर लावायचा सल्ला देण्यामागेही फायटोप्थोराचीच भीती आहे. थोडक्यात, पानवेल, सोयाबीन, संत्रा आणि मिरची या चार अगदी वेगळ्या पिकांनी काळ्या मातीकडून एकच सवलत मागितली आहे.

युरोप-अमेरिकेत मात्र उंच वाफ्याचा पहिला फायदा सांगतात तो माती लवकर तापण्याचा. तिथं हिवाळ्यात गोठलेली जमीन वसंतात सावकाश उबदार होते. चहूबाजूंनी उघडा, जमिनीपासून वर उचललेला वाफा काही आठवडे आधी तापतो आणि पेरणी लवकर करता येते. नागपूरला २३ मे २०१३ रोजी ४७.९ अंश सेल्सिअस तापमान नोंदलं गेलं. अशा मुलखात माती लवकर तापावी म्हणून पैसे खर्च करणारा माणूस विरळाच. दोन-तीन फूट उंच, पातळ पत्र्याच्या बाजूंचा वाफा इथं उन्हाळ्यात मुळं भाजून काढतो. जगातल्या कोरड्या प्रदेशांनी उलटाच मार्ग पत्करला आहे. अमेरिकेतल्या न्यू मेक्सिकोमधले झुनी आदिवासी मातीच्या बुटक्या बांधांनी चौकोन आखतात आणि पीक त्या चौकोनांच्या खोलगट पोटात लावतात, म्हणजे पडलेला प्रत्येक थेंब झाडाजवळ राहतो. त्याच खंडात, मेक्सिकोतल्या सोचिमिल्कोच्या उथळ तळ्यात, चिखल आणि वनस्पतींचे थर रचून चिनाम्पा नावाची उंच शेतं केली गेली. त्या जागेला १९८७ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशात स्थान मिळालं. पाणी जास्त तिथं शेत वर, पाणी कमी तिथं शेत खाली.

कन्हानची पंचाईत अशी, की इथं दोन्ही आहे, फक्त वेगवेगळ्या महिन्यांत. वर्षाचा साधारण हजार-अकराशे मिलिमीटर पाऊस येतो, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नागपुरात काही तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस कोसळला. तीन चौरस मीटरच्या वाफ्यावर एवढा पाऊस म्हणजे तीनशे लिटर पाणी. मे महिन्यात उलट गणित. कोरड्या, गरम वाऱ्यात दिवसाला दहा मिलिमीटर पाणी उडून गेलं तरी त्याच वाफ्याला रोज तीस लिटर लागतात.

विदर्भातल्या नद्यांच्या पात्रांत उन्हाळ्यात डांगरवाड्या लागतात. पाणी ओसरलं की पात्रात लांब खड्डे किंवा चर खणतात, ओल लागेपर्यंत खाली जातात, त्यात शेणखत भरतात आणि डांगर, टरबूज, काकडीचं बी लावतात. वर तापलेली रेती, खाली गारवा. जी माणसं आषाढात रोपं गादीवर वाढवतात त्यांच्याच शेजारचे लोक माघात वेल खड्ड्यात लावतात आणि यात कुणाला विसंगती वाटत नाही. परसातल्या वाफ्यालाही या दोन्ही सवयी लावता येतात.

आता प्रत्यक्ष बांधणी. रुंदीपासून सुरुवात करावी, कारण तीच पुढं सर्वांत जास्त छळते. मेल बार्थोलोम्यू या निवृत्त अमेरिकी अभियंत्याच्या १९८१ च्या पुस्तकानं चार फुटी वाफा जगभर नेला. दोन्ही बाजूंनी हात घातला तर मधोमध पोचतो, हा त्यामागचा हिशेब. पण तो वाकून किंवा गुडघ्यावर बसून काम करणाऱ्याचा हिशेब आहे. आपल्याकडे निंदण उकिडवं बसून होतं आणि तसं बसल्यावर हात दीड फुटांच्या पुढं फारसा आरामात जात नाही. म्हणून गादीवाफ्याची मीटरभर रुंदीच बरी. लांबी तीन मीटर ठेवली तर फेरा मारून दुसऱ्या बाजूला जायचा कंटाळा येत नाही. फार लांब वाफा केला की लोक मधूनच त्याच्यावर पाय देऊन पलीकडे जातात, आणि वाफ्याच्या मातीचा सगळा फायदा ती तुडवली न जाण्यात आहे. दोन वाफ्यांमध्ये किमान दोन फूट वाट हवी, पाण्याचं पिंप आणि घमेलं घेऊन जाता येईल इतकी. ही वाटच पावसाळ्यात चराचं काम करते, म्हणून तिला अंगणाबाहेरच्या नालीकडे थोडा उतार द्यायचा.

उंची नऊ इंच ते एक फूट. याहून जास्त लागते ती गुडघेदुखीमुळे खाली बसता न येणाऱ्यांना, मातीला नाही. वाफ्याचा तळ उघडा राहू द्यावा. खाली फरशी किंवा काँक्रीट असेल तर तो वाफा राहत नाही, मोठी कुंडी होते. उघड्या तळातून मुळं खालच्या काळ्या मातीत उतरतात आणि हीच माती आता मित्र बनते, कारण तिच्याइतकी ओल धरून ठेवणारी माती शोधून सापडणार नाही. पावसाळ्यात वरचा फूट कोरडा-मोकळा, उन्हाळ्यात खालचा फूट ओलसर, अशी ही वाटणी.

जागा निवडताना बहुतेक लोक ऊन किती येतं ते पाहतात. ते ठीक, भाजीला सहा तास ऊन हवंच. कन्हानमध्ये कोणतं ऊन येतं हेही पाहावं लागतं. घराच्या पूर्वेला सकाळचं ऊन मिळतं आणि दुपारी तीननंतर भिंतीची सावली पडते. हे सोन्यासारखं ठिकाण. पश्चिमेचं अंगण असेल तर वाफ्याच्या पश्चिम कडेला बांबूचा मांडव करून त्यावर दोडका, कारलं किंवा वाल चढवावा. परदेशी पुस्तकं वेल उत्तरेला लावायला सांगतात, कारण त्यांच्याकडे सूर्य कायम दक्षिणेला झुकलेला असतो. कन्हान साधारण २१ अंश उत्तर अक्षांशावर आहे. इथं मेच्या शेवटच्या आठवड्यात आणि पुन्हा जुलैच्या मध्याला सूर्य भर दुपारी बरोबर डोक्यावर येतो आणि मधल्या दिवसांत तर उत्तरेकडून जातो. उन्हाळ्यात त्रास देतो तो पश्चिमेचा.

कडा कशाची करायची, यावर कन्हान-खापरखेडा पट्ट्यात एक सोपं उत्तर जागोजागी रचून ठेवलेलं दिसतं. कोराडी आणि खापरखेड्याच्या वीज केंद्रांतून निघणाऱ्या राखेच्या विटा. केंद्र सरकारनं १९९९ मध्ये अधिसूचना काढून वीज केंद्रांच्या परिसरात विटांमध्ये राख वापरणं बंधनकारक केलं, त्यानंतर हा उद्योग वाढला. तीन बाय एक मीटरच्या वाफ्याचा घेर आठ मीटर. नऊ इंची वीट आडवी लावली तर एका थराला पस्तीस विटा, चार थरांना एकशे चाळीस आणि एक थर जमिनीत पायाला, म्हणजे साधारण पावणेदोनशे. पायाचा थर चुकवू नये. काळी माती फुगते-आक्रसते तेव्हा वरवर ठेवलेली भिंत पहिल्याच वर्षी वाकडी होते. सिमेंटनं जोडायची असेल तर जमिनीवरच्या सर्वांत खालच्या थरात दर दोन-अडीच फुटांवर एक सांध उघडी ठेवावी, पाणी बाहेर पडायला.

लाकूड दिसायला सुंदर, पण इकडच्या उधईला ते त्याहून आवडतं. सागाचा गाभा टिकतो, पण मग खर्च भाजीच्या हिशेबात बसत नाही. बांबूच्या कामट्यांची कड दोन-तीन पावसाळे काढते आणि बदलायला स्वस्त असते. रेल्वेचे जुने लाकडी स्लीपर भंगारात मिळाले तरी ते खाण्याच्या वाफ्याला लावू नयेत, त्यांना टिकण्यासाठी क्रिओसोट नावाचं विषारी डांबरी तेल पाजलेलं असतं. जुन्या छपराचे अॅस्बेस्टॉसचे तुटके पत्रेही नकोत. काहीच नको असेल तर नुसत्या मातीची गादी करून तिच्या उतारावर गवती चहा लावला तरी कड धरून राहते, गादीवाफ्याला कधी कुणी भिंत घातली नव्हती.

वेळ एप्रिल-मे, पहिल्या पावसाच्या आधी. आखलेल्या जागेवर आदल्या दिवशी पाणी मारायचं आणि वाफसा आला की एक कुदळ खोल खणायचं. वाफसा म्हणजे माती मुठीत दाबली तर गोळा होतो आणि बोटानं टोचलं की फुटतो, इतपत ओल. वाफसा नसताना ओल्या काळ्या मातीत कुदळ घातली तर तिची ढेकळं होतात आणि ती पुढं महिनोन्‌महिने फुटत नाहीत. तळाची ही मशागत केली नाही तर वरची भुसभुशीत माती आणि खालची घट्ट माती यांच्या सांध्यावरच पाणी थांबतं.

तळाला गिट्टी किंवा विटांचे तुकडे टाकायची पद्धत सर्रास आहे. निचरा वाढावा हा हेतू, होतं उलट. बारीक कणांच्या मातीखाली मोठ्या पोकळ्यांचा थर आला तर वरची माती पूर्ण भिजेपर्यंत पाणी खालच्या थरात उतरतच नाही, जसा ओला स्पंज जाळीवर ठेवला तरी तळाशी ओथंबलेलाच राहतो. वाफ्याला गिट्टीनं खोली मिळत नाही, उलट तेवढी खोली वाया जाते.

दुसरा तेवढाच लोकप्रिय उपाय काळ्या मातीत रेती मिसळण्याचा. कन्हानमध्ये तर तो सुचणं साहजिकच आहे, आणि वेस्टर्न कोलफिल्ड्सनं जवळच्या गोंडेगाव कोळसा खाणीपाशी खाणीवरच्या मातीतून रेती वेगळी काढण्याचा प्रकल्पही उभारला आहे. पण चार-सहा घमेली रेतीनं काळी माती मोकळी होत नाही. रेतीचे कण एकमेकांना टेकतील इतकी, म्हणजे निम्म्याहून जास्त रेती असेल तरच पोकळ्या तयार होतात. त्याहून कमी रेती चिकणमातीत रुतून बसते आणि वाळल्यावर जे बनतं ते भाजीच्या मुळापेक्षा भिंतीच्या उपयोगाचं असतं. काळ्या मातीला मोकळं करतं ते कुजलेलं सेंद्रिय द्रव्य. त्याच्या चिकट घटकांनी बारीक कण एकत्र येऊन दाणे बनतात आणि दाण्यांच्या मध्ये हवा राहते.

वाफ्याचं पोट नऊ दशांश घनमीटर, म्हणजे सुमारे बत्तीस घनफूट. रेती-मातीचा धंदा करणारे ब्रासमध्ये बोलतात, एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट. एका ब्रासमध्ये असे तीन वाफे भरतात. निम्मा भाग माती, शक्यतो नदीकाठच्या पोयट्याची. पोयटा मिळाला नाही तर काळीच, पण चाळलेली. एक तृतीयांश चांगलं कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत. उरलेल्यात धानाचं तूस, पालापाचोळ्याचं खत. रामटेक, मौदा, पारशिवनी हा धानाचा पट्टा असल्यानं राइस मिलवर तूस मिळतंच. शेणखत कच्चं असेल तर ते वाफ्यातच तापतं आणि सोबत उधई आणि हुमणीची अंडी घेऊन येतं. मूठभर खताला शेणाचा वास येत असेल तर ते अजून महिनाभर ढिगातच राहू द्यावं. मूठ-दोन मूठ निंबोळी ढेप मिसळली तर बरी. पहिल्या वर्षात सेंद्रिय भाग कुजून वाफा दोन-तीन इंच बसतो. यात काही बिघडलेलं नसतं, दर मे महिन्यात तेवढं खत वरून घालायचं.

या मातीला आणखी एक खोड असते, चुन्याची. विदर्भातल्या काळ्या मातीत चुनखडी असते आणि तिचा सामू आठच्या आसपास जातो. अशा मातीत लोह असूनही झाडाला ते घेता येत नाही. कोवळी पानं पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या. शेतकरी म्हणतात, केवडा पडला. नागपुरात माती परीक्षणाची सोय सहज मिळते, आणि देशाच्या मातीचे नकाशे तयार करणाऱ्या राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण व भूमी उपयोग नियोजन ब्यूरोचं मुख्यालयही याच शहरात आहे. परसाच्या मातीचा एक नमुना तपासून घ्यायला इथल्या माणसाला तरी सबब नाही.

तपासण्याचं दुसरं कारण राख. चुलीची मूठभर राख मिरचीवर टाकण्याची सवय घरोघरी असते. सामू आधीच आठ असलेल्या मातीत तिची गरज नसते, पण तेवढ्यानं फार बिघडतही नाही. वीज केंद्राची राख ही वेगळी वस्तू. विटेत ती चुना-सिमेंटनं बांधली गेलेली असते, मोकळी राख मात्र वाफ्यात घालू नये. कोळशात असलेलं बोरॉन, आर्सेनिक अशी द्रव्यं राखेत एकवटून उरतात. राखेनं चिकण जमीन मोकळी होते हे खरं असलं तरी खाण्याच्या पालेभाजीत तो प्रयोग कशाला? जुलै २०२२ मध्ये कोराडी केंद्राच्या खसाळा इथल्या राख-तलावाचा बांध फुटला आणि राखमिश्रित पाणी शेतांत आणि नदीत गेलं. जिथं असं पाणी येऊन गेलं असेल किंवा कोळशाचे ट्रक दारावरून जात असतील, तिथं उंच वाफा आणि बाहेरून आणलेली, माहितीतली माती ही चैन उरत नाही. अशा ठिकाणी पालेभाजी वाहत्या पाण्यात दोनदा धुवावी आणि मुळा-गाजर नव्या मातीतच लावावं.

लागवडीचं वेळापत्रक विदर्भातल्या घरांना सांगावं लागत नाही. मृगात भेंडी, चवळी, दोडका. आषाढात मिरची-वांग्याची रोपं. दसऱ्याच्या सुमारास मेथी, पालक, मुळा, टोमॅटो, लसूण आणि अर्थात सांबार, म्हणजे कोथिंबीर. सांबारवडीचा बेत थंडीतच होतो, कारण ऊन वाढलं की हे झाड पानं सोडून फुलांच्या मागं लागतं. हळद-आलं अक्षय्य तृतीयेच्या आसपास, मांडवाच्या पायथ्याशी, जिथं अर्धवट सावली असते. गवती चहा आणि पानओवा कोपऱ्यात. पुदिना मात्र वाफ्यात मोकळा सोडू नये, तो धावत्या खोडांवाटे वर्षभरात सगळा वाफा बळकावतो. त्याला तळ फोडलेल्या डब्यात घालून डबा मातीत गाडावा. मिरची, वांगी, टोमॅटो ही एकाच कुळातली भावंडं, त्यांचे रोगही सामायिक, म्हणून त्यांची जागा दरवर्षी बदलायची आणि मध्ये झेंडू लावायचा. झेंडूच्या मुळांतली द्रव्यं सूत्रकृमींना आवरतात.

परस नसलेल्यांचं काय? पिपरी-कन्हानमध्येही आता दोन मजली घरं आणि सपाट गच्च्या वाढल्या आहेत. विटांचा वाफा गच्चीवर नेण्याआधी एक आकडा लक्षात घ्यावा. बांधकामाच्या भारतीय मानकांनुसार वावर असलेल्या गच्चीसाठी धरलेला भार प्रति चौरस मीटर दीड किलोन्यूटन, म्हणजे साधारण दीडशे किलो असतो. फूटभर भिजलेली माती तेवढ्याच जागेवर साडेचारशे किलोच्याही वर जाऊ शकते. अभियंत्याला न विचारता मातीचा वाफा गच्चीवर चढवणं म्हणजे घराच्या स्लॅबशी जुगार.

यावरचं उत्तर महाराष्ट्रातच शोधलं गेलं. कोल्हापूरचे श्रीपाद अच्युत दाभोळकर हे गणिताचे शिक्षक. त्यांनी ‘प्रयोग परिवार’ या नावानं शेतकऱ्यांचं आणि हौशी बागवानांचं जाळं विणलं आणि ‘विपुलाच सृष्टी’ हे पुस्तक लिहिलं. झाडाला मातीच्या ढिगापेक्षा ऊन, पान आणि कुजलेला पाला जास्त लागतो, हा त्यांचा आग्रह. मुंबईत प्रीती पाटील यांनी त्यांच्याच वाटेनं मुंबई पोर्ट ट्रस्टच्या मध्यवर्ती उपाहारगृहाच्या गच्चीवर स्वयंपाकघरातल्या ओल्या कचऱ्यातून बाग उभी केली. पालापाचोळा, उसाचं चिपाड, भाजीचे देठ यांचे थर आणि माती अगदी थोडी. रमेश दोशी यांचाही मुंबईतल्या नागरी शेतीत उसाच्या चिपाडावरच भर होता. नागपूरकडे चिपाडाची जागा संत्र्याची वाळलेली सालं, तणस आणि घरचा पाला घेऊ शकतो, फक्त सालं थोडी आणि कुजवून घालावीत. पाला कुजताना नत्र लागतं, म्हणून वाळक्या पाल्याच्या प्रत्येक थरावर थोडं शेण किंवा हिरवा कचरा हवा, नाहीतर रोपं पिवळी पडतात आणि दोष उन्हाला दिला जातो.

उन्हाळ्यासाठी जमिनीवरच्या वाफ्यात एक जुनी युक्ती चालते. बिनझिलईचं मातीचं मडकं मानेपर्यंत पुरून ठेवायचं, भरायचं आणि झाकायचं. मडकं पाझरतं तेवढंच पाणी मुळांना मिळतं, वरून उडून काही जात नाही. चीनमध्ये फान शंगच्र याच्या कृषिग्रंथात, इसवी सनापूर्वी पहिल्या शतकात, मडकं पुरून वेलभाजी पिकवण्याची हीच कृती सांगितलेली आहे. तीन चौरस मीटरच्या वाफ्याला चार मडकी पुरतात. मातीवर चार बोटं जाडीचं तणस आणि वर पन्नास टक्के सावलीची हिरवी जाळी, एवढं केलं की मेमध्येही चिवळ, माठ आणि पुदिना तग धरतात. मिरचीची जुनी झाडं छाटून ठेवली तर पावसाबरोबर पुन्हा फुटतात.

होळी झाली की वाफ्याचा आकार बदलायचा. मधली तीन-चार इंच माती ओढून कडेला लावायची, म्हणजे वाफा खोलगट होतो आणि घातलेलं पाणी मधोमध थांबतं. मग तणस अंथरायचं. मेच्या अखेरीस तणस बाजूला करून नवं खत घालायचं आणि कडेची माती पुन्हा मध्ये ओढून वाफ्याला मधोमध किंचित फुगवटा द्यायचा, कडेकडे उतार. विटांतल्या उघड्या सांधी काडीनं मोकळ्या करायच्या, वाटेतला गाळ उपसून नालीपर्यंत उतार नीट करायचा. हे काम सकाळी सातच्या आत उरकलेलं बरं. मिरची-वांग्याचं बी त्याच आठवड्यात एका टोकाला, ओळींत, बोटाच्या पेराएवढ्या अंतरावर टाकलं, तर आषाढात लावणीच्या वेळी रोपं पाच-सहा इंचांची झालेली असतात.